हौद्यातली माती

ती घटना आठवली की आजही माझा हात आपोआप कानामागे जातो. घरातली माणसं हसतात. हसू देत. त्या दिवशी मला जो धक्का बसला, तसा पुढे सबंध नोकरीत कुठल्या खुनानेसुद्धा बसला नाही.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. चिंचवड-चाकण पट्ट्यातल्या एका ठाण्यावर मी नवा फौजदार होतो. कारखाने तेव्हा बहुतेक कागदावर, बाकी सगळी शेतं. हद्दीतल्या एका गावात कुस्त्यांचं जुनं मैदान होतं. परदेशी पैलवानांचा संघ आपल्या मुलखात येणार आणि त्यांची एक लढत इथे होणार, असं ठरलं. मग काय, गावाला दुसरा विषयच उरला नाही. मैदानाभोवती दगडी पायऱ्यांची गॅलरी बांधायची होती. अर्धा खर्च सरकार देणार, उरलेला लोकांनी उचलायचा, रोख नाहीतर श्रमदानाने. रोख होती कुणाकडे? आठवडाभर पंचक्रोशीतली माणसं घमेली घेऊन दगड वाहत होती. माझे शिपाईसुद्धा पाळी नसली की जायचे. मला त्याचा मोठा अभिमान वाटे.

एके सकाळी मैदान समितीचे अध्यक्ष धापा टाकत ठाण्यात शिरले. मी पोलीस लाइनीतल्या तालमीत जोर मारून, अंगावर दोन तांबे ओतून नुकता खुर्चीत बसलो होतो. "साहेब, हौद्यातली माती चोरीला गेली," ते म्हणाले. मला हसूच आलं. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि स्टेशन डायरी पुढे ओढली.

कुस्तीचा हौदा म्हणजे नुसता खड्डा नव्हे. गावच्या वस्तादांनी तीस वर्षं त्या मातीला ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून पोसलं होतं. बांधकामात दगडाच्या कपच्या पडू नयेत म्हणून हौद्यावर तट्टे झाकले होते. त्या सकाळी मापं घ्यायला तट्टे उचलले, तर खाली मुरूम! दोन दिवसांनी सरकारी साहेब पाहणीला येणार होते. कामात घातपात दिसला असता तर पैसा अडकला असता आणि लढत दुसऱ्या गावाला गेली असती.

पंचनामा करून परतलो, तेवढ्यात ठेकेदाराच्या मुकादमाने खबर दिली की रखवालदार फितूर आहे. रखवालदार मराठवाड्यातून पोटासाठी आलेला. बायको आणि दोन पोरी मैदानाच्या कडेच्या खोपटात. नोकरी गेली की खोपटही जाणार. त्याला आणून समोर उभा केला. मागे माझा भरवशाचा हवालदार.

माती कोणी नेली, म्हणून विचारलं, तर तो हवालदाराकडे बघायचा आणि मान खाली घालायचा. माणूस नजर चुकवतो तेव्हा तो गुन्हेगार असतो, अशी माझी तेव्हाची पक्की समजूत. वय लहान, डोक्यावर टोपी मोठी. मी उठलो आणि त्याच्या कानफटात दोन ठेवून दिल्या. तो खाली बसला. मी वाकून पुन्हा विचारलं, "बोल, माती कुठे आहे?"

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाला, "साहेब, तुमच्या कानामागं हाय."

मी कानामागे बोट फिरवलं. बोट तांबडं झालं. नाकाशी नेलं, तर हळद, कापूर, आंबूस ताक. देवा! आठ दिवसांपासून आमच्या तालमीची माती लोण्यासारखी मऊ लागत होती, आणि ती चांगली मळली म्हणून मीच या हवालदाराची पाठ थोपटली होती. चोरीच्या मालावर मी रोज सकाळी जोर मारत होतो!

मी वळलो. हवालदाराचा चेहरा पांढराफटक. त्याने सगळं सांगून टाकलं. येताना दगड, जाताना माती, आणि खड्ड्यात मुरूम. गावागावाच्या तालमीला दोन-दोन घमेली, भर दिवसा, श्रमदानाच्या रांगेतून. आमच्या लाइनीलाही वाटा मिळाला. आणि हे करायला सांगणारे खुद्द वस्ताद.

वस्तादांकडे गेलो तेव्हा ते अंगणात तयारच बसले होते. "परदेशी गड्यांना गादी पायजे, म्हनून हौदा बुजवनार," ते म्हणाले. "आन माती गॅलरीखाली भरावाला. लोकं पायताणं घालून तिच्यावर बसनार. म्हनून वाटली. लावा बेड्या." दोन्ही मनगटं पुढे केली. त्या मनगटांना बेडी लावायची माझी छाती झाली नाही.

मी अध्यक्षांना बोलावून बांधकामाचा नकाशा उघडायला लावला. भरावाची ओळ त्यात होती, आणि खाली त्यांचीच सही. पोरपणापासून त्याच मातीत लोळलेला माणूस! न वाचता सही केली होती. त्यांनी तिथल्या तिथे फिर्याद मागे घेतली. नकाशात गादीचा चौथरा हौद्याच्या बाजूला सरकला. साहेबांच्या पाहणीआधी गावागावातून माती परत आली. पहिलं घमेलं माझ्या डोक्यावर होतं. पैसा मंजूर झाला, लढतही झाली.

रखवालदाराची नोकरी राहिली, पण त्याच्या गालावरचे वळ मी काही परत घेऊ शकलो नाही. खोपटापाशी जाऊन माफी मागितली. आधीच का नाही बोललास, असंही विचारलं. तो म्हणाला, "नेणारा हवालदार मागं उभा, लावणारे तुमी म्होरं. म्या कुणाला सांगायचं?" त्याची धाकटी पोर त्याच्या पायामागे लपून माझ्याकडे बघत होती.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत, चौकशीला बसण्याआधी मी तोंड धुवायचो आणि ओला रुमाल कानामागून फिरवायचो. ठाण्यातल्या पोरांना वाटायचं, साहेब फार टापटिपीचे आहेत.