उपमा कापल्या आणि योद्धा मेलाच नाही

आमच्या ऑडिओत एक तरुण योद्धा मेला आणि वर्गातल्या एका मुलानं जांभई दिली. माझा डेमो तिथेच बोंबलला.

वर्ग अ‍ॅमस्टेलव्हीनमधल्या एका शाळेतला. इथे नेदरलँड्समध्ये काही शाळांत अजूनही प्राचीन ग्रीक शिकवतात. पुढच्या वर्षी पुरेशी मुलं आली नाहीत, तर आनेकेबाईंचा हा विषय बंद होणार होता. (इथे क्लायंटला नुसत्या नावानं हाक मारतात. मी मनातल्या मनात 'बाई' लावते.) मुलांना गोडी लागावी म्हणून त्यांनी आमच्याकडून एका ग्रीक महाकाव्याचं डच ऑडिओ मागवलं होतं. कुठला मजकूर गाळायचा, ते ठरवणारा प्रोग्राम माझा.

माझा बॉस पीटर म्हणाला होता, "लेंग्थ अर्धी कर. गोष्ट पुढे नेत नाही ते उडव."

असा मजकूर शोधायला सोपा निघाला. लढाई ऐन रंगात आली, की कवी मध्येच 'जसा एखादा' म्हणून शेतात नाहीतर स्वयंपाकघरात शिरतो आणि बऱ्याच ओळींनी 'तसा तो' म्हणत परततो. या लांबलचक उपमा मी सफाचट केल्या. पीटर खूश.

आनेकेबाईंनी ऑडिओ थांबवला. "उपमा कुठे गेल्या?"

"काढल्या. गोष्टीत काही फरक पडत नाही."

"बरं," म्हणत त्यांनी पुस्तक उघडलं आणि स्वतःच वाचू लागल्या. झोपलेल्या बाळावरची माशी आईनं हाकलावी, तसा देवीनं एका योद्ध्याच्या अंगावर आलेला बाण बाजूला सारला. दोघं-तिघं हसले. मग तो तरुण योद्धा आला. बागेतलं खसखशीचं फूल पावसाच्या भारानं कलतं, तशी शिरस्त्राणाच्या ओझ्यानं त्याची मान कलली.

मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, "किती वर्षांचा होता तो?"

युद्ध कधीच न पाहिलेल्या माणसाला कवीनं रोजच्या पाहण्यातलं फूल दाखवलं आणि मरण डोळ्यांसमोर उभं केलं. इतक्या शतकांनंतरही ते तसंच लागू पडत होतं. त्या कवीला मनोमन हात जोडले.

आमच्या स्लोटरडाइकमधल्या ऑफिसात परतल्यावर पीटरला म्हटलं, "उपमा परत टाकतेय."

"आणि लेंग्थ?"

"कोण कुणाचा मुलगा, त्या वंशावळी कापते."

कापल्या. एकाही मुलानं त्यांची चौकशी केली नाही. ग्रीकचा वर्ग भरला, आनेकेबाईंचा विषय टिकला.

तेव्हापासून कुठलाही मजकूर कापण्याआधी मी तो कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवते. ऐकणाऱ्यानं मेलेल्याचं वय विचारलं, की कात्री खाली ठेवते.