टकटक करून आत जाणाऱ्या मॅडम

रात्रभर डोळ्याला डोळा नाय लागला. आमच्या वाचनालयाच्या सुलभामॅडमच्या साठीनिमित्त निघणाऱ्या पुस्तकात चार शब्द लिहा म्हणून मला सांगितलंय, आणि कालच माझ्या दादानं फोनवर कळवलं की सवी आता वाचनालयात जाणार नाय. सवी म्हणजे आमची धाकटी बहीण, नववीत हाय. मॅडमच्या कौतुकात घरचं भांडण कशाला, असं वाटंल. पण दोन्ही एकातच गुंतलंय. मी आठवी शिकलेली, बोलते तसंच लिहिते.

मॅडमची पहिली भेट दारातच झाली. शहागंजातून बाजार करून येत होते, कडेवर माझा लेक आरुष, रडून लाल झालेला. लेकरांसाठी नवी खोली उघडली हे ऐकलं होतं, पण वाचनालय म्हणजे गप्प बसायची जागा, म्हणून बाहेरच थांबले. मॅडम स्वतः उठून आल्या. म्हणाल्या, "आत या. रडणाऱ्यांसाठीच काढली आहे ही खोली."

मी तवा लई भ्यायची. आरुष खोकलला तरी दवाखाना गाठायची. तिथं दुसऱ्या आया भेटल्या, त्यांची बी लेकरं खोकलत होती. आरुषनं कापडी पुस्तक चावून ओलं केलं. भरून द्यावं लागंल म्हणून मी ते पदराखाली धरलं. मॅडमनी हसून मागून घेतलं. नंतर कळलं, असली पुस्तकं त्या घरी नेऊन हातानं धुतात आणि आपल्या गच्चीवर वाळत घालतात.

मग त्यांनी मोठ्या पोरापोरींची खोली उघडली. सुरुवातीला पेपर वाचणारे आजोबा लोक तिथल्या पंख्याखाली जाऊन बसायचे आणि पोरं जिन्यात. मॅडमनी आजोबांना चहा पाजून उठवलं आणि नियम केला. मोठ्या माणसानं दारावर टकटक करायची, आतून 'या' आलं तरच जायचं. मॅडम स्वतः तसंच करतात. एकदा आतून पोरं म्हणाली, थांबा मॅडम, आमचं भांडण चाललंय. हातात पुस्तकांचा गठ्ठा घेऊन त्या थांबल्या. माझी सवी पाहुण्यांसमोर तोंड उघडायची नाय. त्या खोलीत बसायला लागल्यापासून ती लहान्यांना मोठ्यानं गोष्ट वाचून दाखवते.

मागच्या आठवड्यात दादा वाळूजच्या कारखान्यातली शिफ्ट करून तिला न्यायला आला आणि सरळ आत निघाला. मॅडम म्हणाल्या, "दादा, टकटक करा. मलाही करावी लागते." आतून एक पोरगं बोललं, या, पण बसायचं तर काहीतरी वाचून दाखवावं लागतं. सगळ्यांनाच ती पोरं असं म्हणतात आणि हसतात. पण दादानं आमच्यासाठी सातवीत शाळा सोडली. तो वाचताना अडखळतो. तिथूनच मागं फिरला. घरी म्हणाला, "माझ्या बहिणीला भेटायला मी पोरांची परवानगी मागू व्हय?"

मी मॅडमकडं गेले, नियम मोडा म्हणून सांगायला. मॅडम दादाच्या घरी जाऊन माफी मागून आल्या. त्यानं चहा दिला, हेका सोडला नाय, आणि काल तो फोन आला. नियमाचं विचारलं तर मला म्हणाल्या, "ते दार काढलं, तर सवीला यायला उरलं काय?" मला पटलं.

मॅडम, तुमचे गुडघे बरे राहू देत, नजर शाबूत राहू दे. आरुष टकटक करायच्या वयाचा होईल, त्याच्या पोरांना बी तुम्ही बघावं, एवढं आयुष्य तुम्हाला मिळो.

हे छापून आलं की दादा रागावंल. माहेर म्हणजे त्याचंच घर, मला दुसरं नाय. भीती वाटते, तरी लिहिते. वाचणाऱ्यांनो, मी त्याच्याहून धाकटी, म्हणून तो माझं ऐकत नाय. तुमची पोरं त्या खोलीत बसत असतील तर माझ्या दादाला फोन करा. नंबर मॅडमकडं हाय. त्याला शिकवू नका, शिकवलेलं त्याला खपत नाय. एवढंच सांगा की तुम्ही बी त्या दारात उभे राहिलात, आणि आतून 'या' आलं तवा कसं वाटलं. शिफ्ट सुटल्यावर करा. तो उचलतो.