मामेभावाचा उजवा हात

गेल्या उन्हाळ्यात, मोसमाच्या शेवटच्या सामन्यात, माझ्या मामेभावाने शेवटचा फलंदाज बाद केला आणि मेलबर्नचा त्याचा बेसबॉल क्लब एका धावेने जिंकला. तो पिचर आहे, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकण्याचा पगार घेतो. स्वतःच्या उजव्या हाताची इतकी बडदास्त ठेवणारा दुसरा माणूस दक्षिण गोलार्धात नसावा. तो राहतो त्या वेरिबीत, मेलबर्नच्या उपनगरात, पारा चाळिशीला टेकला तरी त्या खांद्यावर मामींनी विणलेला लोकरीचा मफलर असतो. त्या हाताने तो किराणा उचलत नाही, किटची बॅग उचलत नाही, बरणीचं झाकणही उघडत नाही. शेजारच्या काकूंकडे सत्यनारायणाला त्याने प्रसादासाठी डावा हात पुढे केला, तेव्हा काकूंचा चमचा हवेतच थांबला. "उजवा ड्युटीवर आहे, काकू," तो म्हणाला. काकूंनी शिरा द्रोणात घालून दिला.

पुण्यात हाच हात बदनाम होता. तिथे तो वेगवान गोलंदाज होता आणि मामा, म्हणजे त्याचे वडील, क्लब क्रिकेटमधले कडक पंच. एका सामन्यात मामांनीच त्याला लागोपाठ नो-बॉल दिले: कोपर वाकतं, मुलगा चेंडू टाकत नाही, फेकतो. त्याचं क्रिकेट तिथे संपलं. पुढे तो शिकायला मेलबर्नला आला. युनिव्हर्सिटीच्या मैदानावर बेसबॉलच्या कोचने त्याला नेटमध्ये पाहिलं आणि हा हात चुकीच्या खेळात अडकलाय, असं सांगून टाकलं. त्यानंतर त्याच कोपराने त्याला नाव दिलं, घर दिलं. मामा मात्र एकाही सामन्याला आले नव्हते. फोनवर हवापाण्यापासून मामींच्या गुडघ्यापर्यंत सगळं निघायचं, खेळ तेवढा निघत नसे.

या वेळी मामा वेरिबीला राहायला आले होते आणि सामन्याला माझ्या शेजारी बसले होते. सकाळी भाऊ मला एवढंच म्हणाला होता, "हरलो तरी चालेल रे. बाबा मध्येच उठून गेले नाहीत म्हणजे झालं."

शेवटचा डाव, एका धावेची आघाडी, दोन बाद, तिसरा बाद झाला की सामना संपणार; पण तिन्ही बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या तिन्ही थांब्यांवर, धावपटू. नेमकी तेव्हाच जुनी खोड उफाळली. त्याने चेंडू पँटवर घासला. क्रिकेटमध्ये हे रोजचं. बेसबॉलमध्ये मनाई आहे. पंचांनी ताकीद दिली आणि दंड म्हणून एक चुकीचा चेंडू त्याच्या नावावर मोजला. आणखी एक चुकला असता तर चार चुकीचे भरून फलंदाजाला फुकट बेस मिळाला असता, पुढचे सगळे एकेक बेस सरकून एक धाव झाली असती आणि बरोबरी झाली असती. लोक पंचांवर ओरडू लागले. मामा उठून उभे राहिले. भाऊ मैदानातून तिकडेच बघत होता.

"पंच बरोबर आहेत," मामा म्हणाले, आणि खाली बसले.

पुढचा चेंडू गुडघ्यापाशी वळून खाली उतरला. बॅट तिसऱ्यांदा रिकामी फिरली, म्हणजे फलंदाज बाद. सगळा संघ मैदानात धावला. शेजारी पाहिलं तर मामांचं बोट वर होतं. बेसबॉलमध्ये असं बाद देत नाहीत, हे मी त्यांना सांगितलं नाही. मोसमातला सर्वोत्तम पिचर म्हणून लाउडस्पीकरवर भावाचं नाव पुकारलं गेलं. उच्चार चुकला, असं मामा म्हणाले.

पार्किंगपर्यंत किटची बॅग मामांनी नेली.