कंगवा देणाऱ्या बाई

माझ्या थोरल्या लेकीचा उजवा हात पुन्हा कधी डोक्यापर्यंत पोचेल का, हा घोर काही केल्या माझा पिच्छा सोडत नाही. बारा वर्षं तिनं शहरात बस चालवली. अपघातात खांदा मोडला, ऑपरेशन झालं. पुढे डॉक्टर म्हणाले, आता एखादा चांगला ट्रेनर बघा.

मी दोघांकडे घेऊन गेले तिला. पहिल्या बाईंनी तिच्या हातात कंगवा दिला. "केस विंचरून दाखव बरं, पोरी." हात कानाशीच अडला. बाई नुसत्या बघत होत्या, वहीत लिहीत होत्या. मला वाटलं, ही काय व्यायाम शिकवणार! दुसऱ्याकडे भिंतभर पदकं होती. "तीन महिन्यांत बस उचलेल ही, काकू!" मी भाळले. तिसऱ्याच आठवड्यात त्यानं वजन वाढवलं आणि खांदा पुन्हा दुखावला.

थोरली मला एका शब्दानं बोलली नाही. आज मात्र कमरेपर्यंतचे केस कापून आली. "आता रोज माझी वेणी घालायला नको, आई. सुटलीस."

बाईंचा नंबर शोधून ठेवलाय. सकाळी उठल्याउठल्या त्यांना फोन करणार, आणि आधी माझी चूक सांगणार.