अकरा अँपिअर

आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या पंपाला एक रिले आहे. मोटार ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढू लागली, की तो पंप बंद करतो. मोटारीच्या पाटीवर अकरा अँपिअर लिहिलंय, म्हणून मी स्क्रूड्रायव्हरने रिलेवर अकराच लावले. आज सकाळपासून तो तीनदा ट्रिप झाला. मीटर तेरा दाखवत होता. म्हणजे मोटारीत काहीतरी अडकतंय.

"अहो कुलकर्णी, सोळावर न्या की! आधीचे सेक्रेटरी तेच करायचे," तिसऱ्या मजल्यावरच्या शिंदेवहिनी जिन्यातून म्हणाल्या.

"म्हणूनच त्यांच्या वेळी मोटार जळली, वहिनी."

"मग आज आंघोळ काय तुमच्या आकड्यांनी करायची?"

जिन्यातले सगळे हसले. मीही हसलो, पण स्क्रूड्रायव्हर खिशातून काढला नाही. वेळेवर 'बास' म्हणणाऱ्यालाच आपण बिघडलेला ठरवतो. घरात, कचेरीत अशा किती माणसांना 'अजून थोडं' म्हणत आपण ओढायला लावलं असेल!

मेकॅनिक दुपारी येईल. तोवर खालच्या टाकीतून भरून वहिनींची बादली मी तिसऱ्या मजल्यावर पोचवीन, माझी चौथ्यावर नेईन. वाटेत प्रत्येक दारातून बोलणी ऐकावी लागतील. लागू देत.