उतरली का?

सांडोरच्या विद्याधरभाऊंना गप्प बसणं ठाऊकच नव्हतं. वाडीत केळीला मोठा घड लागला तरी ते बारसं असल्यासारखे पेढे वाटत.

त्यांचा सुजय एकेकाळी मित्रांसोबत एकाच सुईने गर्द टोचून घ्यायचा. ते त्याने केव्हाच सोडलं होतं. पण यंदा डोळे पिवळे झाले आणि डॉक्टर म्हणाले, "त्या सुयांतून आलेल्या विषाणूने यकृत संपवलंय. फार उशीर झाला."

भाऊंनी त्यातली फक्त कावीळ ऐकली आणि चांदीपहून काविळीची माळ आणली. ही इवलीशी माळ डोक्यावर ठेवायची. गाठी सैलावून ती लांबत, खाली उतरत जाते, तशी कावीळही उतरते म्हणे.

"गळ्यापर्यंत आली!" भाऊ कुंपणावरून ओरडत.

"बाबा, दोरा सैल होतो म्हणून ती लांबते," सुजय हसायचा.

"गप रे! तुझी अक्कल वाढली नाही, माळ तरी वाढू दे!"

शेजारी विचारत, "उतरली का?" पूर्वी नशेबद्दल हेच विचारत, तेव्हा भाऊ मान खाली घालून घरात जात. आता उत्तर देताना त्यांची छाती फुगायची.

माळ पोटापर्यंत आली आणि तिथेच अडली. पोटात पाणी होऊन ते घागरीसारखं फुगलं होतं. भाऊ बोटाने माळ हलकेच खाली सरकवू लागले.

"बाबा, राहू दे आता."

कुंपणापलीकडून हाक आली, "भाऊ, उतरली का?"

भाऊ माळ धरून तसेच बसून राहिले.