रंभाजी तात्यांचा कोरडा बोअर

रंभाजी तात्या शेतात शिरताना चपला काढत, तळहातावर नारळ आडवा ठेवत आणि डोळे मिटून चालू लागत. नारळ जिथे उभा राहील तिथे बोअर. राहाता तालुक्यात पाणी सांगणारे पुष्कळ, पण तात्यांसारखा अंदाज कोणाचा नव्हता. "सत्तर फुटाला लागंल. न्हाई लागलं तर एकशे सत्तरला. तितंबी न्हाई लागलं तर बोअरवाला वाकडा हाय."

अडुसष्टाव्या वर्षी या तात्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. नगरला ऑपरेशन झालं, ग्रंथी काढून टाकली. महिन्याभराने शेजारधर्म म्हणून मी, गावचा शाळामास्तर, त्यांना गाडीतून दाखवायला नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा रिपोर्ट वाचला आणि म्हणाले, "आजार परत येण्याचा धोका मध्यम आहे."

"मध्यम म्हंजी? येनार का न्हाई येनार, येवढं सांगा."

"नक्की सांगता येत नाही, तात्या. असाच रिपोर्ट असलेल्या हजारो लोकांचं पुढे काय झालं, ते पाहून आम्ही अंदाज बांधतो."

परमुलखात भाऊबंद भेटावा तसा तात्यांचा चेहरा खुलला. "मास्तर, हे तर आपल्याच धंद्यातलं निघालं. शेजारच्या हिरी बघून सांगतंय." मग डॉक्टरांच्या कानाशी वाकून त्यांनी जन्मभर जपलेलं गुपित फोडलं. "मीबी तेच करतो. नारळ आपला लोकांसाठी."

त्यानंतर दर तीन महिन्यांनी रक्तातला पीएसए नावाचा प्रोस्टेटचा घटक तपासायचा. तो शून्याजवळ राहिला म्हणजे सगळं ठीक. "आमच्याकडं कोरडं गेलं की लोक दगड घिऊन मागं लागत्यात," तात्या म्हणत, "अन् हितं कोरडं गेलं की पेढे." आणि खरोखरच लॅबमध्ये पेढे वाटत. एकदा त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणाल्या, "साऱ्या तालुक्याचं सांगता, एकदा सोताचं बघा की." तात्यांनी नारळ हातात घेतला, निरखला आणि परत त्यांच्याकडे दिला. "ह्याची चटनी कर."

दुसऱ्या वर्षी आकडा हलला. पुन्हा तपासला, तर आणखी वर.  डॉक्टरांसमोर खुर्चीवर बसण्याआधी तात्यांनी शेतात शिरताना काढत तशा चपला काढल्या.

"कमी आहे तोवर रेडिएशन देऊ," डॉक्टर म्हणाले.

"अन् तुमचा अंदाज चुकला तर?"

"तर मी इथंच आहे. तुम्हाला समोर बसवून सांगेन."

रेडिएशन झालं, आकडा उतरला.  तो रिपोर्ट घेऊन परतताना कोल्हारजवळ तात्यांनी गाडी एका कच्च्या रस्त्याला वळवायला लावली. नऊ वर्षांपूर्वी तिथे त्यांनी सांगितलेला बोअर फुकट गेला होता.

"सांगून झाल्यावर मी कुनाच्याबी शेतावर परत गेलो न्हाई, मास्तर," ते म्हणाले. "हे डाक्टर पोरगं तर चुकलं तरी समोर बसवून सांगतो म्हनतंय."

शेतकरी गव्हाला पाणी देत होता. "नऊ वर्सांनी वाट चुकला व्हय, तात्या?"

"तपासाया आलोय. काय लागलं हुतं?"

"धूळ."

तात्यांनी हात जोडले. "माजं चुकलं, पाव्हणं." आणि निघता निघता म्हणाले, "तीन महिन्यांनी परत येतो."

शेतकरी माझ्याकडे बघत राहिला. "आवं, कशाला? तो बोअर कवाच बुजवून टाकलाय."

"आमची गाठबी काढून टाकलीय," तात्या चपला चढवत म्हणाले. "तरी बोलावत्यात."